दोन रेघांच्या मधली जागा

मित्रांनो, आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि रिकामी खोकी रचलेली आहेत. त्यांच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला एक गोल तबकडी टांगलेली तुम्हाला कधी दिसली, तर ती मी. मी एक जुना वजनकाटा आहे. भाजी किंवा रद्दी तोलणारा काटा मी नाही, मी बाळे तोलली. मला वर एक हूक आहे, खाली एक हूक आहे आणि खालच्या हुकाला कापडाची झोळी आहे. वरचा हूक दाराच्या चौकटीला अडकवायचा, झोळीत बाळ ठेवायचे, की माझी सुई गर्रकन फिरते आणि बाळ किती भरले ते सांगते. एवढेच काम मी सव्वीस वर्षे केले. या सव्वीस वर्षांत मी एकदाही खोटे बोललो नाही. हे फुशारकी मारायला सांगत नाही. माझे दुःख तेच आहे.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका कारखान्यात झाला. एकाने माझी स्प्रिंग वळली, दुसऱ्याने तबकडी कापली आणि एका बाईने तिच्यावर काळ्या रेघा छापल्या. किलोची रेघ लांब आणि जाड, शंभर ग्रॅमची रेघ आखूड आणि बारीक. दोन बारीक रेघांच्या मध्ये मात्र तिने काहीच छापले नाही, जागा कोरी ठेवली. मग आमची रांग तपासनीस आजोबांच्या टेबलावर गेली. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर असे आणि समोर पितळी वजनांची पेटी. त्यांनी मला किलो लावला, अर्धा किलो लावला, शंभर ग्रॅम लावले. दर वेळी माझी सुई रेघेवर जाऊन चिकटली. आजोबा खूश झाले. मग त्यांनी अगदी छोटे वजन लावले. सुई थरथरली, दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी अडखळली आणि गप्प बसली.

"हा रेघेपर्यंत खरा," आजोबा शेजारी बसलेल्या रेघावाल्या बाईला म्हणाले. "रेघेच्या आतलं ह्याला विचारायचं नाही. हा गप्प बसेल, आणि माणसाला वाटेल तिथे काही नाहीच."

"काट्यांशी काय बोलत बसता हो आजोबा?" ती हसली.

"मग काय माणसांशी बोलू? माणसं ऐकतात कुठे!"

त्यांनी हेच चार शब्द छापलेली एक चिठ्ठी माझ्या खोक्यात टाकली आणि झाकण लावले. पुढे खोके उघडले गेले तेव्हा ती चिठ्ठी वाचली गेली आणि खोक्याबरोबरच टाकून दिली गेली.

ते खोके उघडणारी बाई म्हणजे आरोग्य केंद्रातली परिचारिका. नुकतीच नोकरीला लागलेली, उंच, भराभर चालणारी, आवाज असा की खालच्या मजल्यावरून हाक मारली तर चौथ्या मजल्यावरचे बाळ जागे व्हावे. घरोघर जाऊन बाळांची वजने घेणे हे तिचे काम. लहान मुलांनी तिचे नाव ठेवले 'वजनबाई', आणि ते तिला असे चिकटले की डॉक्टरसुद्धा विसरून तिला वजनबाई म्हणून हाक मारू लागले. ती रागावली नाही. "माझं वजन सोडून सगळ्यांची वजनं करते मी," असे म्हणून ती स्वतःच हसायची.

कामाला मात्र ती कडक होती. घरात शिरल्यावर आधी हात धुवायचे, मग मला चौकटीला टांगायचे, मग रिकामी झोळी लावायची आणि माझा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची. झोळीचे वजन बाळाच्या माथी मारायचे नाही, असा तिचा नियम होता. मग बाळाचे कपडे काढायचे. इथे हमखास रडारड होई. काही बाळे झोळीत बसताक्षणी माझ्यासकट वजनबाईंना भिजवून मोकळी होत आणि आज्या म्हणत, "झालं, आता वजन कमी भरणार!" सगळे हसत. मग सुई थांबेपर्यंत सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघत आणि वजनबाई आकडा मोठ्याने सांगत. तो आकडा एका जाड कागदाच्या पत्रकावर टिंब होऊन बसे. टिंबे जोडली की बाळाची वाट दिसे, चढणारी किंवा उतरणारी.

वजनबाईंच्या भागातली एकही वाट उतरत नव्हती. मोठे डॉक्टर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या बाईंवर आणि ह्यांच्या काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा." त्या दिवशी घरी जाण्यापूर्वी वजनबाईंनी माझी तबकडी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या फडक्याने पुसली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस. मीही हुरळून गेलो होतो.

पण मित्रांनो, एक गोष्ट तेव्हाही मला टोचत असे. सगळे माझ्याकडे बघत, म्हणून मला सगळ्यांचे चेहरे दिसत. आजीचा चेहरा, बापाचा चेहरा, आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आईचा चेहरा. कितीतरी आयांचे डोळे खोल गेलेले असत. केस विंचरलेले नसत. कुणाला उभे राहवत नसे, पण बसायला कुणी सांगत नसे, कारण सगळ्यांचे लक्ष सुईवर. बाळाचा आकडा चांगला आला की वजनबाई पाठीवर थाप मारत आणि निघत. त्या पत्रकावर बाळाच्या जन्माची वेळ लिहायला जागा होती, टोचलेल्या लशी लिहायला जागा होती, बाळाच्या बापाचा कामाचा पत्ता लिहायला जागा होती. आई कशी आहे हे लिहायला जागा नव्हती. जिथे जागाच नाही, तिथे कुणी काय लिहिणार?

माझ्या अठराव्या वर्षी मी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचे घर होते. बाप पावाच्या भट्टीत कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी परत यायचा, आणि अंगाला पिठाचा वास घेऊनच झोपायचा. आजी घरातच असे. तोंडाने फटकळ पण हाताने मायाळू, असे तिचे एकूण काम. आणि आई. ती बाळंतपणाआधी कपडे शिवण्याच्या कारखान्यात कापड बेतायची. मोठ्या टेबलावर कापडाचे थर पसरायचे, कागदी नमुना ठेवायचा आणि जड कात्रीने एका दमात कापायचे. तिचा हात इतका नेमका, की कारखान्यात तिला 'फूटपट्टी' म्हणत. दोन बाह्यांच्या मापात केसाएवढा फरक पडलेला तिला खपायचा नाही.

बाळ मुलगी होती. चणीने बारीक, म्हणून आजीने तिला 'टिल्ली' म्हणायला सुरुवात केली. पहिले तीन आठवडे टिल्ली व्यवस्थित वाढली. चौथ्या आठवड्यात सुई फक्त एक रेघ पुढे गेली. तीन किलो तीनशे.

"जरा कमी भरतंय हं," वजनबाई पत्रकात टिंब काढता काढता म्हणाल्या. "पाजतेस ना नीट?"

त्यांच्या बोलण्यात काही आकस नव्हता. दिवसातून दहा घरी त्या हे वाक्य बोलत. पण मला त्या आईचा चेहरा दिसत होता. गालावर कुणी चापट मारावी तसा तो झाला.

"दूधच पुरत नसेल हिला," आजी म्हणाली. "अंगात आहे काय हिच्या? आमच्या वेळेला आम्ही सकाळी बाळंत आणि दुपारी स्वयंपाकाला उभ्या!"

"अहो आजी, काहीतरीच काय सांगता," वजनबाई हसल्या, आणि विषय तिथेच संपला. संपला असे त्यांना वाटले.

त्या निघाल्या तेव्हा आई जिन्यापर्यंत मागे आली. एक पायरी खाली उतरून थांबली.

"ताई, एक मागू? रागावणार नाही ना?"

"माग की."

"हा काटा चार दिवस माझ्याकडे ठेवाल? रोज बघितलं तर जिवाला जरा बरं वाटेल. तुमचा पुढचा वार येईपर्यंत मला काही सुचणारच नाही."

वजनबाईंनी क्षणभर विचार केला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना आठवडाभर प्रशिक्षणासाठी परगावी जायचे होते. मी कपाटात नुसताच पडून राहणार होतो. पोरीच्या डोळ्यांत पाणी तरळत होते. आणि वजनबाई मनाने लोण्यासारख्या मऊ होत्या, हे तुम्ही विसरू नका. पुढे जे झाले त्यात कुणाचाच हेतू वाईट नव्हता.

"ठेव बाई," त्या म्हणाल्या. परत वर आल्या, स्वतःच्या हाताने मला स्वयंपाकघराच्या चौकटीला टांगले, शून्यावर कसे आणायचे ते शिकवले. "मनात येईल तेव्हा बघ. हा खोटं बोलत नाही."

एवढे सगळे त्यांनी सांगितले. एकच सांगायचे राहिले. हा शंभर ग्रॅमच्या आतले बघत नाही. त्यांच्या दृष्टीने ती सांगायची गोष्टच नव्हती. अठरा वर्षे त्यांनी मला एकेका बाळाला आठवड्यातून एकदाच दाखवले होते. कुणी मला पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर विचारेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

त्या जिना उतरून गेल्या. थोड्या वेळाने टिल्ली उठली. आईने तिला झोळीत ठेवले. तीन किलो तीनशे. मग पाजले. टिल्ली चुटुचुटु प्यायली, तिच्या ओठांच्या कडेला थेंब आला, तो मी पाहिला. आईने तिला पुन्हा झोळीत ठेवले. तीन किलो तीनशे.

मित्रांनो, महिन्याभराच्या बाळाने एका वेळेला प्यायलेले दूध म्हणजे वाटीच्या तळाशी राहील एवढे. ते माझ्या दोन रेघांच्या मधल्या कोऱ्या जागेत पडत होते. मी ते बघू शकत नव्हतो. मी गप्प बसलो. आणि आजोबा म्हणाले होते तसेच झाले, तिला वाटले तिथे काही नाहीच.

तिने कारखान्यातला नमुने कापायचा खाकी कागद काढला, त्याचे चौकोनी तुकडे केले, पेन्सिलीने दोन रकाने आखले. पाजण्याआधी, पाजल्यानंतर. आकडे सुबक, एकाखाली एक. तीनतीनशे, तीनतीनशे. तीनतीनशे, तीनतीनशे. संध्याकाळपर्यंत कागदाचा पहिला तुकडा भरला.

दुसऱ्या दिवशी तिने माझी परीक्षा घेतली. डब्यातली साखरेची न फोडलेली पिशवी आणून झोळीत ठेवली. किलो, बरोबर रेघेवर. मग तिने तिची जड कात्री ठेवली. तिचे वजन तिला ठाऊक होते, दहा वर्षे हातात वागवली होती. तेही रेघेवर. तिने कात्री बाहेर काढली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"काटा बरोबर आहे," ती पुटपुटली. "म्हणजे मीच."

त्या क्षणी मला वाटले, माझी स्प्रिंग तुटावी. सुई गळून पडावी. मी खोटा ठरलो असतो तर ती वाचली असती. पण मी चांगला घडवलेला काटा होतो.

त्या घरात कुणी वाईट नव्हते, हे मी पुन्हा सांगतो. आजी टिल्लीला अंघोळ घालायची, दुपटी धुवायची, दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची. सुनेचे ताट वाढून झाकून ठेवायची. ते ताट संध्याकाळपर्यंत तसेच असायचे. "जेवली नाहीस होय गं?" असे ती विचारायची, पण उत्तर यायच्या आत टिल्ली रडायची आणि आजी तिकडे धावायची. बाप दुपारी यायचा. दारातूनच विचारायचा, "आज किती भरली?"

"तेवढीच."

"वाढेल गं. काळजी करू नकोस," असे म्हणून तो भट्टीतून आणलेला मऊ पाव तिच्या पुढ्यात ठेवायचा आणि आडवा व्हायचा. दोन मिनिटांत घोरायला लागायचा. पहाटेपासून उभा असलेला माणूस, तो तरी काय करणार. पाव तसाच राहायचा.

टिल्ली झोपली तरी ती झोपत नसे. झोपलेल्या बाळाच्या छातीकडे बघत बसायची, वर खाली, वर खाली. पाचव्या दिवशी ती आजीजवळ जाऊन बसली.

"आई, मला भीती वाटते."

"कसली गं?"

"माहीत नाही. सारखी वाटते. छातीत धडधडतं. मला वाटतं, हिला दुसरी कुणीतरी आई हवी होती."

दुपट्याची घडी करणारे आजीचे हात क्षणभर थांबले. मला वाटले, आता ही विचारेल. आता ही त्या पोरीला जवळ घेईल. पण आजीने घडी पुरी केली.

"पहिलटकरणीला होतं असं," ती म्हणाली. "सगळ्यांनाच होतं. मला पण झालं होतं. कोण विचारतंय? दिवस जातात तसं जातं ते पण."

मला पण झालं होतं, असे ती म्हणाली. ते तिने कधी कुणाला सांगितले नव्हते, आणि तिलाही कधी कुणी विचारले नव्हते. त्यामुळे विचारायचे असते, हेच तिला माहीत नव्हते.

सातव्या दिवशी दुपारी आईने टिल्लीला पाजले, तोलले, आकडा लिहिला. कागदाचे सगळे तुकडे नीट जुळवून त्यांच्यावर कात्री ठेवली. बाळ आजीच्या मांडीवर दिले.

"जरा जाऊन येते," ती म्हणाली.

"चपला तरी घाल," आजी म्हणाली. पण ती अनवाणीच गेली.

संध्याकाळी बसच्या शेवटच्या थांब्यावरून एक कंडक्टर तिला घेऊन आला. तो याच गल्लीत राहायचा, म्हणून त्याने ओळखले. ती दुपारपासून बाकावर बसून होती. तिच्या अंगावरचे कपडे पुढून दुधाने भिजले होते, आणि ती त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "माझ्याकडे काही नाही. बाळाला कुणाकडे तरी द्या. मी तिला उपाशी मारतेय." घरात आल्यावर तिने टिल्लीकडे बघितले नाही. नवऱ्याने हाक मारली तर भिंतीकडे तोंड केले. त्याच संध्याकाळी तिला इस्पितळात नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनबाई आल्या. प्रशिक्षणाहून आल्या आल्या त्या आधी इथेच आल्या होत्या. खालच्या मजल्यावरूनच त्यांचा आवाज आला, "काय म्हणतेय आमची टिल्ली?" दार आजीने उघडले. वजनबाई आपल्या नादात हात धुवून आल्या, सुई शून्यावर आणली, टिल्लीला झोळीत ठेवले. मी फिरलो आणि थांबलो.

"तीन पाचशे!" त्या आनंदाने ओरडल्या. "अगं बघ, बघ! दोन रेघा वर! उगाच घाबरली होतीस की नाही?"

असे म्हणत त्यांनी टिल्लीला पाळण्यात ठेवले आणि त्या मागे वळल्या. भिंतीपाशी कुणी नव्हते.

आजी तिथेच खाली बसली आणि तोंडात कापडाचा बोळा कोंबून रडायला लागली. बापाने कात्रीखालचे कागद उचलून वजनबाईंच्या हातात दिले. त्या चौकटीला टेकून उभ्या उभ्या कागद वाचू लागल्या. पाजण्याआधी, पाजल्यानंतर. पाजण्याआधी, पाजल्यानंतर. सात दिवसांचे आकडे, एकही खाडाखोड नाही. त्यांनी पहिला कागद आणि शेवटचा कागद शेजारी शेजारी धरला. पहिल्यावर तीनतीनशे, शेवटच्यावर तीनपाचशे. टिल्ली वाढत होती. ते त्या बिचारीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. पण दोन कागद शेजारी ठेवून बघायला त्या घरात तिच्याजवळ कुणी बसले नव्हते.

"मी रोज विचारायचो, आज किती भरली," बाप म्हणाला. "रोज. तिला एकदा पण नाही विचारलं, तू कशी आहेस."

वजनबाईंनी मला चौकटीवरून काढले. झोळीची घडी केली आणि मला पिशवीत ठेवले.

आई आठ महिन्यांनी घरी आली. आधी इस्पितळात, मग लांबच्या बहिणीकडे, असे ते आठ महिने गेले. औषधे, झोप आणि तिचे ऐकून घेणारी एक डॉक्टरीण, एवढ्यावर ती हळूहळू सावरली. ती परत आली तेव्हा टिल्लीला दोन दात आले होते. टिल्ली भिंतीला धरून उभी राहत होती. घरात सगळे आजीला 'आई' म्हणत, बाप म्हणे, शेजारणी म्हणत, म्हणून टिल्लीही आजीला 'आई' म्हणायला शिकली होती. त्यात तिची काय चूक? खरी आई पुढे झाली तेव्हा टिल्ली आजीच्या पाठीमागे जाऊन लपली.

हे मी बघितले नाही, आजीने केंद्रात येऊन वजनबाईंना सांगितले. टिल्लीच्या वजनाचा दिवस होता. आजी बोलत होती आणि आई बाकावर बसून होती, हात मांडीवर ठेवून. मी दाराच्या चौकटीला टांगलेला होतो. ती माझ्याकडे बघत होती.

"ताई," ती एकदम म्हणाली. "एका वेळचं दूध किती भरतं हो?"

वजनबाईंचा चेहरा उतरला. हा प्रश्न त्यांनी आठ महिने स्वतःच्या मनात शंभरदा ऐकला असणार. त्या तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

"ते ह्याच्यावर दिसत नाही गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शंभर ग्रॅमच्या आतलं ह्याला कळत नाही. तू दिवसभर तोलत बसली असतीस तरी तेवढंच दिसलं असतं. दूध होतं. भरपूर होतं. तुझी पोर तुझ्याच दुधावर वाढली त्या आठवड्यात."

आईने माझ्यावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितले. बाहेर कुणाचे तरी बाळ रडत होते.

"मग मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

ती ओरडली नाही. रागाने बोलली नाही. एखाद्या दुकानात जिन्नस कुठे मिळेल ते विचारावे तशा आवाजात तिने विचारले. ज्या बाईचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जायचा, तिने आईचा हात हातात घेतला आणि मान खाली घातली. मित्रांनो, मी तोलायला घडवलेला आहे. पण तो प्रश्न माझ्या हुकाला लावला असता, तर माझी सुई सगळी तबकडी ओलांडून गेली असती.

काही दिवसांनी आई एकटी केंद्रात आली. तिने माझ्यासाठी नवी झोळी शिवून आणली होती. जुनी विटली होती. नव्या झोळीच्या शिवणी सरळ होत्या, दोन्ही बाजू मापाला एक, आणि बाहेरच्या अंगाला एक छोटा खिसा होता. खिशात खाकी कागदाची चिठ्ठी. तिच्या सुबक अक्षरात लिहिलेले होते, 'एका वेळचं दूध या काट्यावर दिसत नाही. आधी आईला विचारा.' तिने ती वजनबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "दुसरीला सांगाल ना?"

त्यानंतर वजनबाईंचे काम संथ झाले. घरात शिरल्यावर मला पिशवीतच ठेवून त्या आधी आईपाशी बसत. झोपलीस का, जेवलीस का, रडू येतं का, भीती वाटते का. विचारून थांबत. उत्तर यायला वेळ लागतो, हे त्या शिकल्या होत्या. कधी बाई म्हणे, "मी बरी आहे," आणि वजनबाई तरीही थांबत, आणि मग खरे उत्तर येई. मग घरच्यांना बोलावून ती चिठ्ठी मोठ्याने वाचत. "हिला चार तास झोपू द्या. बाळ मी सांभाळायला येऊ का तुम्ही सांभाळता?" असे दरडावत. कुणाला डॉक्टरकडे पाठवायचे असेल तर स्वतः सोबत जात. पत्रकाच्या समासात, जिथे जागा नव्हती तिथे, त्या आईबद्दल बारीक अक्षरात लिहू लागल्या. वरिष्ठांनी एकदा विचारले, हे काय गिचमीड. त्या म्हणाल्या, "माझी चूक आहे ती. लिहून ठेवतेय."

त्या निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझी तबकडी पुसली, आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. नव्या परिचारिकेकडे विजेचा काटा आला. तो पाच ग्रॅमसुद्धा दाखवतो म्हणे. मला मागच्या खोलीत आणून टांगले. माझ्या तबकडीवर धूळ बसली आहे. स्प्रिंगला गंज चढला आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. गंज चढलेल्या काट्यावर कुणी आंधळा विश्वास तरी ठेवत नाही.

टिल्ली आता दहा वर्षांची झाली. परवा ती शाळेच्या तपासणीला आईबरोबर केंद्रात आली होती. आजीला ती अजून 'आई' म्हणते, आणि आईला तिच्या नावाने हाक मारते. आई ओ देते. पहिल्या हाकेलाच देते.

भिंतीपलीकडे तोलण्याचे काम अजून चालते. नवा काटा टुक् असा आवाज करतो आणि नवी परिचारिका आनंदाने सांगते, "छान वाढलंय हं बाळ!" मधूनच एखादा दमलेला आवाज काहीतरी बोलू लागतो, "ताई, मला ना..." आणि तेवढ्यात पुढच्या बाळाची हाक होते. नवा काटा माझ्याहून वीसपट बारीक बघतो. पण त्यालाही बाळच दिसते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी, मावशीकडे, काकूकडे बाळ आले की तुम्ही धावत पाळण्यापाशी जाल. जा. पण त्याआधी भिंतीला टेकून उभी असलेली बाई बघा. तिला बसायला सांगा. तिला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका. ती 'बरी आहे' म्हणाली तरी अजून थोडे थांबा.

ती चिठ्ठी अजून माझ्या झोळीच्या खिशात आहे. कागद पिवळा पडला आहे, अक्षर मात्र स्पष्ट आहे. ती बाहेर काढून वाचायला मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.